चराऊ कुरणाची प्रत आणि मेंढीचे पोषण

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीतील खानापूर तालुक्यात, पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडील अथणीच्या माळावर मात्र वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तोही लहरी. जेथे नांगर चालत नाही आणि पेरलेले दाणे घरी येतील याची शाश्वती नाही, अशा बरड व मुरमाड जमिनीवर पिढ्यान् पिढ्या एका जनावराने माणसाला आधार दिला आहे. ते जनावर म्हणजे मेंढी. माणसाच्या उपयोगी न पडणाऱ्या गवताचे मांस, लोकर, दूध आणि खत यांत रूपांतर करण्याचे तिचे सामर्थ्य हीच कोरडवाहू मुलखाची खरी ठेव होय.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या. त्यांपैकी सुमारे १ कोटी ११ लाख मेंढ्या एकट्या कर्नाटकात होत्या. तेलंगण व आंध्र प्रदेशानंतर या राज्याचा क्रमांक तिसरा लागला. त्या गणनेत देशातील मेंढ्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. मेंढ्या वाढल्या, परंतु त्यांच्या चरण्याचे माळ वाढले नाहीत. गायराने आक्रसली, पडीक जमिनी लागवडीखाली आल्या आणि जे माळ उरले त्यांच्यावरील गवताचा दर्जा घसरत गेला. या विषमतेचा पहिला फटका बसतो तो चैत्र-वैशाखात व्यालेल्या मेंढीला. तिची कास आटते, कोकरू उभे राहण्यापूर्वीच मान टाकते आणि मेंढपाळाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा एक वाटा माळावरच संपतो. रोगाने मेलेल्या मेंढीची नोंद तरी होते. कुपोषणाने न जन्मलेल्या आणि न वाढलेल्या कोकरांची नोंद कोठेही होत नाही. म्हणूनच कुरणाची अवस्था आणि मेंढीचे पोषण यांचा संबंध नीट समजावून घेणे अगत्याचे आहे.

मेंढीचे पोट कसे चालते

मेंढी ही रवंथ करणारी आहे. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यात असंख्य सूक्ष्मजंतू नांदत असतात. गवतातील काष्ठमय धागा पचविण्याची शक्ती मेंढीच्या स्वतःच्या पाचकरसांत नसते. ते काम हे सूक्ष्मजंतू करतात. पुढे हेच सूक्ष्मजंतू पचून मेंढीला प्रथिने पुरवितात. थोडक्यात, मेंढी गवत खाते ते प्रथम या जंतूंसाठी आणि मग स्वतःसाठी.

या जंतूंना जगण्यासाठी नत्र लागते आणि ते गवतातील प्रथिनांतून मिळते. चाऱ्याच्या शुष्क भागात प्रथिनांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेले की जंतूंची वाढ मंदावते. चारा कोटीपोटात अधिक काळ पडून राहतो. पोट भरल्यासारखे वाटते, त्यामुळे मेंढी खाणे कमी करते. चारा निकृष्ट असल्यामुळे ती जास्त खाऊन तूट भरून काढील, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. चारा जितका निकृष्ट तितका तो कमी खाल्ला जातो. उन्हाळ्यात सायंकाळी तळावर परतणाऱ्या खांडाची पोटे टम्म दिसतात आणि तरीही अंगावरचे मांस झडत जाते, त्याचे कारण हे आहे.

हिशेब करून पाहिल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. ३० किलो वजनाची दख्खनी मेंढी दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे ३ टक्के, म्हणजे ९०० ग्रॅम शुष्क चारा खाते असे धरू. निव्वळ शरीर टिकविण्यासाठी या चाऱ्यात ८ टक्के प्रथिने असावीत असे मानले, तर तिची गरज ७२ ग्रॅम होते. फाल्गुनातील वाळक्या गवतात प्रथिने ३ टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणजे तिच्या पोटात २७ ग्रॅम जातात. राहिलेल्या ४५ ग्रॅमांची तूट ती स्वतःच्या शरीरातून भरून काढते. दुभत्या मेंढीची गरज याहून मोठी असते. तिच्या चाऱ्यात १० ते १२ टक्के प्रथिने असावी लागतात.

माळावरील गवतांची उतरंड

सर्वच गवते सारख्या मोलाची नसतात. दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशातील गवताळ प्रदेशांची पाहणी करून त्यांचे पाच प्रमुख प्रकार पाडले. त्यांचा हा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या वर्गीकरणाप्रमाणे दख्खनचे पठार, माळवा आणि मध्य भारताचा मोठा भाग पवना व मारवेल या गवतांच्या पट्ट्यात मोडतो. बेळगावचा माळ असो, हैदराबादभोवतालचा खडकाळ मुलूख असो की इंदूरकडील काळी जमीन असो, सुस्थितीतील कुरणाची मूळ ओळख याच गवतांनी होते.

ही गवते बहुवर्षायू असतात. त्यांची मुळे खोल जातात, पाने मऊ व पुष्कळ असतात आणि पावसाने ओढ दिली तरी ती तग धरतात. परंतु जनावरांनाही तीच सर्वांत आधी आवडतात. मेंढीचा वरचा ओठ दुभंगलेला असल्यामुळे ती गवत अगदी जमिनीलगत कुरतडू शकते आणि नेमके पान निवडून खाऊ शकते. निवडून खाण्याचा हा गुण तिच्या पोषणाला उपकारक असला, तरी कुरणाला तोच भोवतो. चांगले गवत पुन्हा पुन्हा खुडले जाते, वाईट गवत तसेच राहते.

गवताचे पान म्हणजे त्याचे स्वयंपाकघर होय. पान सतत खुडले गेले की मुळांत साठवलेल्या अन्नावर झाडाला नवीन पाने काढावी लागतात. हा साठा संपला की मुळे आखूड होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात ठोंब मरतो. त्याची जागा प्रथम कुसळी गवत घेते. चराईचा भार तसाच राहिला तर कुसळीही विरळ होते आणि एका पावसापुरती उगवणारी बारीक, हलकी गवते येतात. शेवटी उघडा मुरूम, तरोटा, गाजरगवत आणि घाणेरी यांचे राज्य सुरू होते.

या उतरंडीवरून कुरणाची प्रत ठरविता येते. ज्या माळावर पवना, मारवेल व डोंगरी या गवतांचे ठोंब जवळजवळ आहेत आणि मधल्या जागेत रानटी शेंगवर्गीय वेली दिसतात, ते कुरण उत्तम. जेथे ही गवते काटेरी झुडपांच्या आश्रयानेच उरली आहेत आणि मोकळ्या जागेत कुसळी माजली आहे, ते मध्यम. जेथे श्रावणातही जमिनीचा निम्म्याहून अधिक भाग उघडा दिसतो आणि दसऱ्यापूर्वीच माळ पिवळा पडतो, ते निकृष्ट. काटेरी झुडपाखाली कोणते गवत उगवते हे मेंढपाळाने अवश्य पाहावे. चराईपासून संरक्षण मिळाले तर संपूर्ण माळावर काय उगवू शकेल, याचा तो नमुनाच असतो.

कुसळीविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोवळेपणी हे गवत मेंढ्या आवडीने खातात. फुलोऱ्यानंतर मात्र त्याची टोकदार कुसळे लोकरीत अडकतात, कातडीत शिरतात, तोंडाला व डोळ्यांना इजा करतात. अशा लोकरीला भाव येत नाही आणि कातड्याचीही प्रत उतरते. म्हणून कुसळीचा माळ श्रावण-भाद्रपदात, कुसळे धरण्यापूर्वी, चारून घेणे हितावह असते.

वर्षभरातील चाऱ्याचे चक्र

मृगाच्या पहिल्या सरींनंतर माळ हिरवा दिसू लागतो. या कोवळ्या लुसलुशीत गवतात प्रथिने भरपूर असतात, पण पाणीही अतोनात असते. मेंढी दिवसभर हिंडूनही तिच्या पोटात पुरेसा शुष्क चारा जात नाही. शिवाय उन्हाळाभर वाळके खाल्लेल्या पोटाला हा बदल एकाएकी सोसत नाही आणि पातळ लेंड्या होतात. आंत्रविषार हा घातक रोगही याच काळात उद्भवतो. धष्टपुष्ट दिसणारे कोकरू सकाळी मरून पडलेले आढळते. यासाठी पावसाळ्यापूर्वीच आंत्रविषाराची प्रतिबंधक लस टोचून घ्यावी. पहिले पंधरा-वीस दिवस सकाळी थोडा सुका चारा घालूनच खांड माळावर सोडावे. कुरणाच्या दृष्टीनेही हाच काळ नाजूक असतो. गवत वीतभर होण्यापूर्वी त्यावर खांड सोडले, तर वर्षाच्या चाऱ्याची पुंजी पहिल्याच महिन्यात मोडली जाते.

श्रावण ते आश्विन हा सुबत्तेचा काळ. गवत फुलोऱ्यावर येईपर्यंत त्यात प्रथिने, शर्करा आणि शुष्क भाग यांचा उत्तम मेळ असतो. कोकरांची वाढ व मेंढ्यांची वजने या दिवसांत झपाट्याने वाढतात. मात्र ओल्या जमिनीमुळे खुरांचे रोग आणि पोटातील जंत यांचा उपद्रवही याच वेळी होतो. जंतांचे सूक्ष्म डिंभक गवताच्या बुडाशी राहतात. माळ जितका खुरटा, तितके मेंढीचे तोंड बुडाशी जाते आणि तितके अधिक डिंभक पोटात जातात. डोळ्यांची आतली त्वचा फिकट पडणे, जबड्याखाली पाण्याची सूज येणे ही रक्तपिपासू जंतांची लक्षणे होत. म्हणजे निकृष्ट कुरण मेंढीला अन्न कमी देते आणि रोग मात्र अधिक देते. अशा खांडाला नुसते जंतनाशक औषध पाजून भागत नाही. कारण तोच माळ तिला पुन्हा जंत देत राहतो.

कार्तिक-मार्गशीर्षात सुगी सुरू होते. ज्वारी, भुईमूग, भात यांची रिकामी शिवारे मेंढ्यांना खुली होतात. पडलेली कणसे, शेंगांचा पाला, बांधावरील हिरवे गवत यांमुळे हा चारा पौष्टिक ठरतो. येथे दोन धोके संभवतात. पडलेले धान्य मेंढीने एकदम भरपूर खाल्ले तर पोटात आम्ल वाढून ती दगावते. तसेच पाण्याच्या ताणाखाली असलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल हे विष असते. अशा रानात भुकेलेले खांड कदापि सोडू नये.

पौषापासून माळ वाळतो. गवतातील प्रथिने, स्फुरद आणि जीवनसत्त्व 'अ' यांची घट होत जाते. स्फुरदाच्या अभावी मेंढ्या हाडे चघळू लागतात, माती चाटतात. फाल्गुन ते वैशाख या काळात गवत नावापुरतेच उरते आणि झाडपाला हाच मुख्य आधार होतो. बाभूळ व हिवर यांच्या शेंगा, बोर, कडुनिंब व शेवरी यांचा पाला मेंढीला तारून नेतो. बाभळीच्या शेंगा कुटून घातल्यास त्यांतील बीही पचते. वेड्या बाभळीच्या शेंगा तर कुटल्याशिवाय घालूच नयेत. कारण न पचलेले बी लेंड्यांतून माळभर पसरते आणि झाडोरा माजून गवताची जागा गिळतो. घाणेरी मात्र विषारी आहे. भुकेपोटी ती खाल्लेल्या मेंढीला कावीळ होते आणि उन्हाने तिची कातडी सोलवटून निघते.

गर्भधारणा आणि कुरण यांचा मेळ

मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. त्यातील पहिल्या साडेतीन महिन्यांत गर्भाची वाढ मंद असते. शेवटच्या सहा आठवड्यांत मात्र कोकराच्या जन्मवजनापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग तयार होतो. याच काळात कास भरते. या सहा आठवड्यांत मेंढी उपाशी राहिली तर कोकरू अशक्त जन्मते, चीक अपुरा येतो आणि काही मेंढ्या कोकराला जवळही घेत नाहीत.

म्हणून मेंढी केव्हा गाभण राहते, या प्रश्नाचे उत्तर माळाकडे पाहून द्यावयाचे असते. आषाढात फळलेली मेंढी मार्गशीर्षाच्या सुमारास विते. तिच्या गर्भकाळाचा अखेरचा टप्पा आश्विन-कार्तिकात, म्हणजे पक्व गवत व सुगीच्या शिवारावर जातो. याउलट कार्तिक-मार्गशीर्षात फळलेली मेंढी चैत्र-वैशाखात विते. तेव्हा माळ उघडा पडलेला असतो आणि पाणवठेही दूर गेलेले असतात. वर्षभर नर खांडात मोकळा ठेवल्यास अशी अवेळी वीण टाळता येत नाही. नर वेगळा ठेवून ठराविक हंगामात सोडणे हा एक पैसाही न लागणारा पोषणाचा उपाय आहे. नर सोडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना चांगल्या राखीव माळावर चारले किंवा रोज मूठभर भरड धान्य दिले, तर अधिक मेंढ्या माजावर येतात आणि फळण्याचे प्रमाणही वाढते.

मेंढी किती पोसलेली आहे हे लोकरीमुळे डोळ्यांना कळत नाही. ते हाताने पाहावे लागते. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर हात ठेवून मणक्याची टोके चाचपावीत. टोके करवतीच्या दात्यांसारखी लागली तर मेंढी खंगलेली आहे. टोके गोलसर लागली आणि दाबल्यावरच जाणवली तर ती मध्यम व निरोगी आहे. टोके मुळीच जाणवली नाहीत तर ती अतिलठ्ठ आहे. विण्यापूर्वी दीड महिना ही तपासणी करून खंगलेल्या मेंढ्या वेगळ्या काढल्या, तर उपलब्ध असलेला थोडा खुराक जिला खरी गरज आहे तिच्याच मुखी जातो.

पोषणाची नोंद लोकरीवरही उमटते. दुष्काळी दिवसांत वाढलेला लोकरीचा धागा त्या ठिकाणी बारीक व कमकुवत राहतो आणि सूत काढताना तेथेच तुटतो. घोंगडी विणणाऱ्याच्या हाती तुटके सूत येते, त्याचे मूळ कधी कधी वैशाखातल्या उघड्या माळावर असते.

जात बदलली, पण माळ?

दख्खनी मेंढी अंगाने लहान, रंगाने बहुधा काळी आणि स्वभावाने काटक असते. तिची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. लोकरीचे भाव उतरल्यापासून मांसासाठी मोठ्या अंगाच्या जाती पाळण्याकडे कल वाढला आहे. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातून पुढे आलेली माडग्याळ मेंढी सीमेलगतच्या भागातही लोकप्रिय झाली आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्ण' ही जात विकसित केली. हे दोन्ही प्रयत्न मोलाचे आहेत; पण त्यांचा लाभ चाऱ्याच्या बळावरच पदरात पडतो. मोठ्या अंगाच्या मेंढीला अधिक चारा लागतो आणि जुळी वाहणाऱ्या मेंढीला शेवटच्या महिन्यात दुहेरी ओझे पेलावे लागते. त्या वेळी खुराक तुटला तर रक्तातील साखर उतरून मेंढी आंधळ्यासारखी भेलकांडते आणि बसल्या जागी दगावते. ज्याच्यापाशी निकृष्ट माळाखेरीज काही नाही, त्याने जात बदलण्यापूर्वी चाऱ्याची तजवीज करणे शहाणपणाचे ठरेल.

माळ किती मेंढ्या पोसू शकतो

हा प्रश्न अंदाजाने सोडविण्याची गरज नाही. आश्विनात गवत पूर्ण वाढल्यावर एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी लाकडी चौकट घ्यावी. ती माळावर निरनिराळ्या दहा ठिकाणी टाकून आतील गवत जमिनीपासून तीन बोटे उंचीवर कापावे, उन्हात कडकडीत वाळवावे आणि वजन करून सरासरी काढावी. समजा, ही सरासरी १५० ग्रॅम आली. एका हेक्टरात १० हजार चौरस मीटर असतात. म्हणजे हेक्टरी १,५०० किलो सुका चारा झाला. तो सगळा मेंढ्यांचा नव्हे. त्यातील निम्मा ठोंबांचे जीवन, बियांची पेरण आणि मातीचे पांघरूण यांसाठी माळावर राहिलाच पाहिजे. उरला ७५० किलो. एका मेंढीला दिवसाला सुमारे एक किलो धरल्यास तो एका मेंढीला ७५० दिवस पुरेल. म्हणजे चार महिन्यांसाठी हेक्टरी सहा मेंढ्या आणि बारा महिन्यांसाठी जेमतेम दोन. निकृष्ट माळावर सरासरी ५० ग्रॅमच आली तर याच हिशेबाने तीन हेक्टरांवर वर्षभर दोन मेंढ्या. गावच्या गायरानाचे क्षेत्र आणि गावातील मेंढ्या व इतर गुरे यांचा आकडा शेजारी शेजारी लिहून पाहिल्यास तूट किती आहे हे कोणालाही कळेल.

ही तूट पूर्वी स्थलांतराने भरून निघत असे. पाऊस संपला की मेंढपाळ आपले वाडे घेऊन बाहेर पडत. कोणी घाट उतरून कोकणात जाई, कोणी खानापूर-बेळगावकडील भाताच्या शिवारांत जाई. रात्री वाघर लावून मेंढ्या शेतात बसवल्या जात. शेतकऱ्याला लेंडी-मुताचे खत मिळे आणि मेंढपाळाला धान्य वा पैसा. या भ्रमणाकडे अस्थिरतेचे लक्षण म्हणून पाहणे योग्य नव्हे. गावचा माळ कित्येक महिने विसावा घेई, गवताचे बी जमिनीत पडे आणि मेंढीला दर मुक्कामी नवा चारा मिळे. आजचे शास्त्र ज्याला आळीपाळीची चराई म्हणते, तीच ही रीत होती. घटप्रभा व मलप्रभा यांच्या कालव्यांखाली बारमाही पिके आली आणि उसाचे क्षेत्र वाढले, तशी या वाटेवरील रिकामी शिवारे कमी झाली. उसाचे वाढे हाती येतात, पण त्यांतील ऑक्झलेटमुळे चुना शरीराला नीट मिळत नाही. त्यामुळे केवळ वाढ्यांवर खांड ठेवणे बरे नव्हे.

सुधारणेचे उपाय

पहिला उपाय विसाव्याचा. गायरानाचे चार भाग पाडावेत. त्यांपैकी एक भाग दरवर्षी पावसाळाभर, गवताचे बी झडेपर्यंत, पूर्ण बंद ठेवावा आणि उरलेले तीन आळीपाळीने चारावेत. बंद ठेवलेल्या भागातील पक्व गवत मार्गशीर्षानंतर उपयोगी पडते. चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा पूर्ण विसावा मिळतो. कुंपणाला खर्च फार येतो. गावकऱ्यांचा एकमताचा निर्णय आणि एक राखणदार हे त्याहून स्वस्त व भक्कम कुंपण होय. मात्र या निर्णयात मेंढपाळांनाही बसविले पाहिजे. ज्यांची चूल माळावर अवलंबून आहे, त्यांना वगळून माळ बंद केला तर चराईचा भार शेजारच्या माळावर जाऊन पडतो.

दुसरा उपाय पुनर्लागवडीचा. जेथे चांगल्या गवतांचे ठोंबच उरले नाहीत, तेथे नुसता विसावा पुरत नाही. उताराला आडव्या चरी काढून पाणी मुरवावे. मृगापूर्वी डोंगरी, मारवेल, पवना किंवा अंजन या गवतांचे बी माती व शेणखतात कालवून फेकावे. सोबत स्टायलो हे शेंगवर्गीय झुडूप लावल्यास चाऱ्यातील प्रथिने वाढतात आणि जमिनीला नत्र मिळते. पहिल्या वर्षी तेथे चराई करू नये; गवत कापून न्यावे. बांधावर व वस्तीजवळ शेवरी, सुबाभूळ, हिवर, बोर अशी झाडे राखावीत.

तिसरा उपाय पूरक खुराकाचा. वर केलेल्या हिशेबात ४५ ग्रॅम प्रथिनांची तूट आढळली होती. शंभर ग्रॅम शेंगदाणा पेंड घातली, तर तीत सुमारे ४० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि तूट बव्हंशी भरून निघते. पेंड परवडत नसल्यास दोनशे ग्रॅम वाळलेला सुबाभळीचा पाला जवळपास तेवढेच काम करतो. सुबाभळीत लोकर गळविणारे द्रव्य असते, म्हणून ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा अधिक घालू नये. हरभरा, तूर यांचे भुसकट आणि भुईमुगाचा पाला सुगीतच साठवून ठेवावा. नत्र मिळाल्यावर कोटीपोटातील जंतू पुन्हा कामाला लागतात आणि तीच मेंढी तेच वाळके गवत अधिक खाऊ व पचवू लागते. थोड्याशा पेंडीचा परिणाम तिच्या वजनापेक्षा मोठा दिसतो तो यामुळेच. जोडीला मीठ व खनिज क्षारांची चाटण-वीट तळावर टांगावी आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा स्वच्छ पाणी पाजावे. पाण्यावाचून वाळका चारा पचत नाही.

खुराक सर्व खांडाला देणे शक्य नसेल तर क्रम ठरवावा. प्रथम विण्याच्या बेतात असलेल्या व नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या, नंतर दूध तुटलेली कोकरे, नंतर पैदाशीचा नर. म्हाताऱ्या, दात पडलेल्या व वांझ मेंढ्या मार्गशीर्षातच, अंगावर मांस असताना विकाव्यात. वैशाखात त्या कवडीमोलाने जातात आणि तोवर दुसऱ्यांच्या वाट्याचा चारा खातात.

समारोप

झाशी येथील भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था आणि राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था या दोन्ही संस्था १९६२ मध्ये स्थापन झाल्या. कुरण आणि मेंढी यांचा शास्त्रीय विचार एकाच वर्षी दोन ठिकाणी सुरू व्हावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, त्यामागेही हीच जाणीव आहे. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. तो अन्न पिकविणारा प्रदेश आहे. फक्त त्याची कापणी विळ्याने न होता मेंढीच्या तोंडाने होते.

गवताचा ठोंब मरतो तेव्हा आवाज होत नाही. पहिल्या वर्षी कोकरे थोडी हलकी भरतात, दुसऱ्या वर्षी काही मेंढ्या फळत नाहीत, तिसऱ्या वर्षी खांडातील चार-सहा मेंढ्या औषधासाठी विकाव्या लागतात. तोवर माळावर काय घडून गेले हे ध्यानात येत नाही. म्हणून मेंढपाळाने मेंढीच्या कमरेवर हात ठेवून पाहावे, तसेच काटेरी झुडपाखालचे गवतही वाकून पाहावे. गावानेही आपल्या गायरानाचा हिशेब वर्षातून एकदा, आश्विनात, चावडीवर मांडावा. चौकट, विळा आणि तराजू एवढ्यावरच तो मांडता येतो, आणि पुढचा वैशाख कसा जाणार हे त्यातून सहा महिने आधी समजते.